सॅच्युरेशन ९७ पण श्वास ८, आणि बाळाचे निळे हात: आधी काय करायचं?

जीएनएम_दुसरं_वर्ष
परवा प्रॅक्टिकल आहे आणि होस्टेलवर भांडणं चाललीत. एंडोस्कोपीला मिडाझोलम (गुंगीचं औषध) दिलेला पेशंट, नाकाला ऑक्सिजन, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९७ टक्के, श्वास मिनिटाला ८. रूममेट म्हणते, ९७ आहे ना, नुसती नोंद कर. दुसरं, तासाभराचं बाळ, हातपाय निळसर, श्वास ५२, मध्येच ५-७ सेकंद थांबतो. डॉक्टरांना बोलवायचं का?

लेबररूमची_सिस्टर
रूममेटला म्हणावं, ऑक्सिजन चालू असताना ९७ वर विसंबू नकोस. श्वास मंदावला तरी तो आकडा बराच वेळ छान दिसतो, आत कार्बन डायऑक्साइड साठत असतो. पेशंटला हाक मार, खांदा हलव, "मोठा श्वास घ्या" म्हण, हनुवटी उचल. पुढचा डोस बंद. डॉक्टरांना तिथूनच हाक, पेशंटला सोडून पळायचं नाही. अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) हाताशी ठेव. फ्लुमाझेनिल, म्हणजे मिडाझोलमचा उतारा, ऑर्डर आल्यावरच. त्याचा असर तासाभरात ओसरतो, मिडाझोलम अजून उरलेलं असतं; म्हणजे पेशंट बोलायला लागला म्हणून लगेच वॉर्डात धाडायचं नाही. सोबत फेंटानिल (अफूच्या जातीचं वेदनाशामक) दिलं असेल तर त्यावर फ्लुमाझेनिल चालत नाही, तिथे उतारा नॅलॉक्सोन. आणि सिरिंजमध्ये मिडाझोलम भरताना लेबल वाच गं बाई, मिलीला १ मिग्रॅचं मिळतं तसंच ५ मिग्रॅचंही.

बाळाची जीभ बघ. जीभ-ओठ गुलाबी असतील तर हातपाय पहिला दिवस-दोन दिवस निळे चालतात. टोपी घाल, आईच्या छातीशी दे. श्वास ३० ते ६० नॉर्मल, पण असा थांबत-थांबत चालतो म्हणून पूर्ण मिनिट मोजायचा. जीभ निळी, कण्हणं, बरगड्या आत ओढणं, २० सेकंदांचा खंड, यातलं काहीही दिसलं की बोलव. आईला कळांमध्ये पेथिडीन (फेंटानिलच्याच जातीचं वेदनाशामक) दिलंय का, तेही केसपेपरवर बघ. दिलं असेल तर बाळाचा श्वास मंदावू शकतो.

बीएस्सी_नर्सिंग
सिस्टर, कमरेवर निळा डाग दिसला की आज्या ग्रहणाचं काढतात. काय सांगायचं?

लेबररूमची_सिस्टर
जन्मतःच असतो, बहुतेकदा आपोआप फिका होतो म्हणायचं. चार्टवर मात्र जागा आणि माप लिही, नाहीतर पुढे कुणी मुका मार समजेल. ग्रहणावरून वाद नको. वाद घालायचाच तर बाळाची छाती पिळायला निघाल्या की घाल. सुजलेली छाती, दुधाचा थेंब, मुलीच्या लंगोटाला रक्ताचा ठिपका, हे आईच्या हार्मोन्सचं असतं, आपोआप जातं. पिळलं तर गळू होऊ शकतं. आणि पहिल्या २४ तासांत बाळ पिवळं दिसलं तर "कोवळ्या उन्हात धरा" म्हणून सोडायचं नाही, लगेच कळवायचं.