पोट्ट्याला वेस्टर्न दाखवायचा आहे, सुरुवात कुठून करू?

छोटीलाइन (अजनी, नागपूर)

बहिणीचा पोट्टा सुट्टीत आमच्याकडे आला आहे. यंदा अकरावीत जाईल. बाहेर ४५ डिग्री, संध्याकाळी सहापर्यंत दार उघडायची सोय नाही. म्हटलं चला, याला आपला सगळ्यात लाडका वेस्टर्न, म्हणजे जुन्या अमेरिकेतल्या घोडे-बंदुकांचा सिनेमा, दाखवू. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट', १९६८ चा, सर्जिओ लिओनीचा. लावला. दहा मिनिटांनी बघतो तर साहेब मोबाईलमध्ये. म्हणे, "मामा, अजून काही सुरूच नाही झालं बे."

(मामाला बे म्हणतो. बहिणीला सांगितलं आहे.)

आता त्याचं म्हणणं खोटंही नाही. तीन बंदूकवाले उजाड स्टेशनावर गाडीची वाट बघून राहिले, बस. एकाच्या तोंडावर माशी बसते, ती तो पिस्तुलाच्या नळीत कोंडून ठेवतो. दुसऱ्याच्या टोपीवर वरून पाणी ठिबकतं. हा हलत नाही, टोपीत साचू देतो आणि शेवटी ते पाणी पिऊन टाकतो. तिसरा बोटं मोडतो. पार्श्वसंगीत नाही. पवनचक्की करकरते तेवढीच.

पण मला तर सिनेमाचा जीव तिथेच वाटतो. माझे बाबा इतवारी-नागभीडच्या छोट्या लाइनवर नोकरीला होते. लहानपणी त्यांच्यासोबत भर मे महिन्यात उमरेडच्या पुढे स्टेशनावर बसलो आहे. गाडी लेट म्हणजे किती लेट, विचारायचं नाही. वरचा पत्रा तापून टकटक वाजायचा, रांजणाच्या ओल्या फडक्यावर माशा, आणि बाबा टोपी डोळ्यांवर ओढून गप. चाळिशीत हा सिनेमा पाहिला तेव्हा वाटलं, हा इटलीचा माणूस भिवापूरला कधी येऊन गेला बाप्पा! स्टेशन स्पेनमधलं आहे हे मागाहून कळलं.

आणि गोष्टही रेल्वेचीच. मॅकबेन नावाचा माणूस ओसाड जमीन घेऊन ठेवतो. लोक हसतात. पण त्या भागात पाणी फक्त त्याच्याकडे, आणि वाफेच्या इंजिनाला पाण्यासाठी थांबावंच लागतं. म्हणजे उद्या स्टेशन तिथेच होणार. बाबांना हे मोठ्या कौतुकानं सांगितलं, तर म्हणाले, "मग? पाणी नाही तिथं इंजिन कसं थांबवतील?" त्यांच्या लेखी त्यात गोष्ट काहीच नव्हती.

तर सांगा, याला आधी काय दाखवू? कोणता वेस्टर्न तुमच्या डोक्यातून जात नाही, आणि काहून?

महालकर

भाऊ, तुम्ही पोट्ट्याला एकदम वरच्या वर्गात बसवलं. आधी 'शोले'तला ठाकूरच्या घरच्यांना मारतात तो सीन दाखवा. तो सुना वाडा, हलणारा झोपाळा. मग तुमच्या सिनेमातला मॅकबेन कुटुंबाचा सीन लावा: जेवणाचं टेबल मांडलेलं, आणि एकाएकी रातकिडे गप होतात. कोणी कोणाचं उचललं ते पोट्टा स्वतःच सांगेल.

हेन्री फोंडा तोवर पडद्यावर सज्जन माणूस. लिओनीनं त्याला तेच निळे डोळे ठेवून लहान पोरावर गोळी झाडायला लावली. आणि गोळीचा आवाज इंजिनाच्या किंचाळीत विरतो. मी तो सीन रात्री एकट्यानं नाही बघत.

सदरचा म्हातारा

'मॅकेनाज गोल्ड'! १९६९. बाकी सगळं शहाण्यांसाठी.

आम्ही टॉकीजमध्ये चार वेळा पाहिला. इंग्रजी कोणाला येत होतं? मागच्या रांगेतला एक कंपाउंडर मोठ्यानं मराठी करून सांगायचा, आणि अर्धं मनानंच. सूर्य उगवतो, त्या सुळक्याची सावली लांब लांब होत जाते, तेव्हा थेटरात चिडीचूप. मग पिवळीधमक दरी दिसली की शिट्ट्या. शेवटी सगळं गडप, आणि ग्रेगरी पेकला पत्ताच नाही की त्याच्या घोड्याच्या खोगिरात सोनं आहे. "अबे पिशवी बघ!" असं आम्ही पडद्याला ओरडत होतो.

टोपीतलं पाणी काय बघता?

धंतोलीची ताई

काका, चार वेळा पाहिलात म्हणजे खोगीर बघायलाच गेलात.

छोटीलाइन भाऊ, 'हाय नून' दाखवा. १९५२ चा, ब्लॅक अँड व्हाइट, पण ८५ मिनिटांत आटोपतो आणि गोष्टही जवळपास तितक्याच वेळात घडते. बाराच्या गाडीनं गुंड येणार. त्याचे तीन साथीदार स्टेशनावर वाट बघत आहेत. ओळखीचं वाटलं ना? लिओनीनं तेच तिघं उचलून ताणले आहेत.

मला त्यातला चर्चचा सीन विसरता येत नाही. मार्शल गॅरी कूपर मदत मागायला जातो. सगळे त्याला चांगला माणूस म्हणतात, चर्चा करतात, आणि कोणीही उठत नाही. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून झालेली मीटिंग अगदी अशीच होती, फरक इतकाच की आमच्याकडे चहा होता. आणि त्याची नवी नवरी ग्रेस केली! तिचा धर्म हिंसा न मानणारा, लग्नाला तास झालेला, गाडीत बसून निघालेली. गोळी ऐकून उतरते आणि खिडकीतून एका गुंडाला पाठीत गोळी घालते. कूपर शेवटी बिल्ला धुळीत टाकतो ते सगळे सांगतात, पण तिचा तो चेहरा बघा.

छोटीलाइन (अजनी, नागपूर)

ताई, काल दुपारी 'हाय नून' लावला. घड्याळ दिसलं की पोट्टा आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा. चर्चच्या सीनला म्हणाला, "हे सगळे आमच्या ग्रुपसारखे आहेत, फक्त अंगठा पाठवतात." मोबाईल दोनदाच हातात घेतला.

काका, 'मॅकेनाज गोल्ड' रविवारी. कंपाउंडरचं काम मी करतो.

जेवण झाल्यावर म्हणाला, "मामा, तो माशीवाला परत लाव, सुरुवातीपासून." लावला. तिघं स्टेशनात शिरले, पवनचक्की सुरू झाली. आमच्या कूलरचा पंखाही तसाच करकरतो, दोन उन्हाळे झाले, ऑइल टाकायचं राहून जाते. पोट्टा थोडा वेळ कान देऊन बसला, मग उठला आणि कूलर बंद करून आला. ४५ डिग्रीत.

बायको आतून ओरडली, लाइट गेली का?