प्रोटॉन थेरपी: पेशंटआधी हे कशावर तपासतात?

प्रश्न: एमएस्सी बायोटेक करतोय, खारघरला टाटाच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रात २०२३ ला प्रोटॉन थेरपीसाठी (प्रोटॉनच्या बीमने कॅन्सरवर उपचार) पेशंट घ्यायला लागले तेव्हापासून या विषयाचं कुतूहल आहे. ब्रॅग पीक कळलं, प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतो आणि थांबता थांबता सगळ्यात जास्त एनर्जी सोडतो. पण मग प्राण्यांवर प्रयोग कशाला, डिशमधल्या पेशी पुरत नाहीत का?

उत्तर: सुरुवात पेशींपासूनच होते, प्रोटॉनचा डोस दिल्यावर किती पेशी अजून विभागून वसाहत करू शकतात ते मोजतात. पण डिशमध्ये ना रक्तवाहिन्या ना इम्यून सिस्टिम, आणि निरोगी टिश्यूला महिन्यांनी होणारं नुकसान तिथे दिसणारच नाही. शिवाय आरबीई (तेवढ्याच डोसच्या एक्स-रेच्या तुलनेत जैविक परिणाम किती पट) सरसकट १.१ धरतात, म्हणजे एक्स-रेपेक्षा १० टक्के जास्त परिणाम, पण बीमच्या शेवटच्या टोकाला तो वाढतो, आणि नेमकं तिथे मेंदू किंवा मज्जारज्जू असेल तर? म्हणून प्राणी लागतात.

उत्तर: उंदरांची खरी अडचण आकाराची आहे बघ. २३० एमईव्ही (एनर्जीचं एकक) एनर्जीचा प्रोटॉन पाण्यात ३० सेंमीच्या पुढे जातो, उंदीर जेमतेम २-३ सेंमी जाड! मग वाटेत प्लास्टिकचे थर ठेवून एनर्जी उतरवायची, मिलिमीटरचं फील्ड करायचं, आणि १ मिमी चुकलं तरी भलताच भाग भाजतो. जर्मनीत ड्रेस्डेनला झेब्राफिश या छोट्या माशाचे भ्रूणही वापरलेत, पारदर्शक असल्याने आतला बिघाड सरळ दिसतो.

प्रश्नकर्ता: मानवी ट्यूमर लावलेले उंदीर चालतील?

उत्तर: ट्यूमर किती आटतो ते कळेल, पण त्या उंदरांची प्रतिकारशक्ती मुद्दाम काढलेली असते, इम्युनोथेरपीसोबतचा (शरीराची प्रतिकारशक्तीच कॅन्सरवर वापरणारा उपचार) परिणाम बघायचा तर उंदराचाच ट्यूमर घे.