बेल्ट सँडरवर सुऱ्या, पटाश्या, रंध्याची पाती: कोणते बेल्ट घ्यावेत, कोन किती ठेवावा? (इंदूर)

खटपट्या
नमस्कार मंडळी. हातात धरायचा बेल्ट सँडर आहे, बेल्ट ७६ × ५३३ मिमी, वेग कमी-जास्त होतो. उलटा बसवायला लाकडी बैठक केली आहे. धार लावायची आहे ती अशी: स्वयंपाकघरातल्या चार स्टेनलेस सुऱ्या, ६ ते २५ मिमीच्या पटाश्या, लोखंडी रंध्याचं ५० मिमी पातं (त्याला एक दात पडलाय) आणि इलेक्ट्रिक रंध्याची ८२ मिमी पाती. मशीनबरोबर ८० नंबरचे बेल्ट आले आहेत, ते चालतील का? की या कामासाठी २५ × ७६२ मिमीचा उभा सँडर वेगळा घ्यावा? बेल्ट इंदुरातच मिळाले तर बरं.

पाणीदार
८० नंबर (खरबरीत) लाकडासाठी राहू द्या. सुरीवर तो लागला की ओरखडे इतके खोल जातात की ते काढण्यातच पुढचे दोन बेल्ट संपतात.

बेल्टच्या आधी एक गोष्ट पक्की करा. बेल्ट सँडरवर धार बिघडते ती बहुतेक वेळा उष्णतेनं. पटाशी आणि साध्या रंध्याचं पातं हाय कार्बन पोलादाचं असतं. काठ तापला की त्याचं पाणी उतरतं (कठीणपणा जातो): सुमारे २२० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा रंग येतो, २५५ च्या आसपास तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० ला निळा. निळा झालेला काठ कितीही घासा, सागाच्या दोन गाठींत बोथट होतो. मग निळा भाग पूर्ण घासून काढण्यावाचून उपाय नाही, आणि तेही सावकाश. नाहीतर मागचा भागही निळा होतो.

धार जितकी पातळ तितकी ती लवकर तापते, आणि बोटाला कळतं तोवर उशीर झालेला असतो. म्हणून:

वेग सर्वात कमी ठेवा. एका वेळी एक-दोन सेकंदच टेकवा. पात्याच्या वरच्या बाजूला काठाजवळ पाण्याचा थेंब ठेवा. तो सुकायला लागला की थांबा. पाण्यात बुडवा, पुसा, मग पुन्हा. हातमोजे नकोत, उघड्या बोटाला ताप कळतो आणि मोजा बेल्टमध्ये ओढला जाण्याची भीतीही नाही. बोथट झालेला बेल्ट कापत नाही, नुसता घासतो आणि तापवतो. म्हणून जड काम नेहमी नव्या बेल्टवर करा.

स्टेनलेसवर रंग उशिरा दिसतो. रंग आला नाही म्हणजे तापलं नाही, असं धरून चालू नका. एचएसएस (हाय स्पीड स्टील) पाती ५०० अंशांपर्यंत दाद देत नाहीत, पण तीही लाल तापवून पाण्यात टाकली तर तडकतात.

कानस
पाणीदार यांनी पाणी सांगितलं, पण पाण्याचं भांडं मशीनपासून हातभर लांब ठेवा. उलट्या सँडरची हवेची छिद्रं वर येतात. थेंब आत गेला तर शॉकही बसेल आणि मोटरही जाईल.

त्याहून महत्त्वाचं: भुशाची पिशवी काढा. पोलादाच्या ठिणग्या लाकडाच्या भुशात पडल्या की आत धुमसत राहतात आणि तासाभरानं पेट घेतात. आतला भुसा ब्रशनं पूर्ण झाडा. व्हॅक्यूमची नळी जोडलेली असेल तर तीही काढून ठेवा. हे वगळून बाकी सगळं बरोबर केलं तरी उपयोग नाही.

आता दिशा. बेल्ट पात्याच्या पाठीकडून धारेकडे जाऊन सुटला पाहिजे. उलट धरलं तर धार बेल्टमध्ये शिरते, बेल्ट फाटतो आणि पातं उडतं. सँडर उलटा केला की वरचा बेल्ट पुढच्या रोलरकडून मुठीकडे पळतो. म्हणून पुढच्या रोलरच्या बाजूला उभे राहा. बेल्ट तुमच्यापासून दूर जाईल, पटाशीची मूठ तुमच्याकडे, धार पलीकडे, उतार (धारेचा तिरका घासलेला भाग) खाली. ठिणग्याही लांब जातात. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर एन-९५ मास्क हवाच.

बेल्टच्या आतल्या बाजूला बाण असतो, तो पाहूनच चढवा. जोड जाड असेल तर प्रत्येक फेरीला पातं ठक्क उडतं आणि काठावर बारीक लाटा येतात. असा बेल्ट लाकडासाठी वापरून टाका.

खटपट्या
पिशवीचं डोक्यातच नव्हतं, धन्यवाद. पटाशीचा २५ अंशांचा कोन मोजायचा कसा? कोनमापक टेकवायला जागाच नसते.

कानस
मोजू नका, लांबी बघा. २५ अंशांवर उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या सुमारे २.४ पट येते, ३० अंशांवर बरोबर दुप्पट. ४ मिमी जाडीच्या पटाशीला २५ अंशांचा उतार ९.५ मिमी. पट्टी लावली की झालं.

रोज नेमका तोच कोन हवा असेल तर सागाची २५ अंशांची पाचर कापा आणि पुढच्या रोलरलगत बैठकीवर स्क्रूनं बसवा. पटाशी तिच्यावर निजवून पुढे सरकवायची. सुरुवातीला उतारावर मार्करनं रंग भरा आणि एकदाच टेकवा. टाचेकडचा (उताराच्या मागच्या कडेचा) रंग निघाला तर मूठ जरा उचला, धारेकडचा निघाला तर खाली घ्या. काठ तिरका येत असेल तर तुम्ही एका कोपऱ्यावर जास्त दाबताय, किंवा बेल्ट एका बाजूला सरकलाय. आधी बेल्ट मध्यावर आणा.

दात पडलेल्या रंध्याच्या पात्याला सरळ उतार घासायला घेऊ नका. पातं बेल्टवर काटकोनात उभं धरून काठ बोथट करा, दात पूर्ण जाईपर्यंत. मग १२० नंबरवर उतार पाडा आणि काठावर बारीक, ०.३ ते ०.५ मिमी चकाकती बोथट रेघ शिल्लक असतानाच थांबा. जाड काठ उष्णता झेलतो, पातळ झेलत नाही. उरलेलं काम दगडावर.

पाणीदार
+१. आणि पटाशीची पाठ (उतार नसलेली सपाट बाजू) बेल्टला कधीच लावू नका. चालता बेल्ट किंचित फुगतो, पाठीच्या कडा गोल होतात, आणि मग ती पटाशी लाकडात सरळ जात नाही. पाठ काचेवर पॉलिश पेपर चिकटवून घासा, २२०, ४००, ८००. फक्त काठाजवळचे १०-१५ मिमी. उतार दगडावर ३० अंशांनी चार-सहा हात, पाठ सपाट टेकवून बर (पलीकडे वळलेली धातूची बारीक किनार) काढली की संपलं.

विळीवाली
सुऱ्यांबद्दल कोणी बोललंच नाही :) माझं मत जरा वेगळं आहे. पटाशीला शेवट दगडावरच, हे मान्य. पण स्वयंपाकघरातली सुरी पूर्ण बेल्टवर करता येते, फक्त ७६ मिमीचा बेल्ट तिला गैरसोयीचा पडतो. मुठीजवळचा भाग बेल्टखाली नीट येत नाही आणि बेल्टची कड तिथे खाच पाडते. दर वेळी थोडी थोडी, मग दोन वर्षांत सुरीला पोट येतं आणि मुठीकडची बाजू पाटाला टेकत नाही. म्हणून सुऱ्या जास्त असतील तर २५ × ७६२ घ्याच.

कोन: पातळ सुरीला प्रत्येक बाजूनं १५ अंश, रोजच्या भाजीच्या सुरीला १८-२०, हाडं-नारळ फोडायच्या जाड सुऱ्याला २५. ४० मिमी रुंद पातं १५ अंशांवर धरलं की पाठ बेल्टपासून साधारण १० मिमी वर असते, २० अंशांवर १४ मिमीच्या जरा आत. त्या उंचीचा लाकडी तुकडा शेजारी ठेवा, हात आपोआप बसतो.

क्रम: नुसती बोथट असेल तर ४००, मग ८००, मग चामड्याचा बेल्ट आणि हिरवी क्रोमियम ऑक्साईडची पेस्ट. दात पडले असतील तरच १२० किंवा २४० पासून. मुठीकडून टोकाकडे, २० सेमीची सुरी सहा-आठ सेकंदांत, दाब सुरीच्या वजनाएवढाच. टोक बेल्टच्या मध्यावर आलं की उचला. पूर्ण बाहेर ओढलं तर बेल्ट टोकाला वळसा घालतो आणि टोक गोल होतं. ही चूक नवखा हमखास करतो.

एका बाजूनं घासत राहायचं, जोवर दुसऱ्या बाजूला संपूर्ण लांबीभर बर लागत नाही (अंगठा पाठीकडून धारेकडे फिरवला की अडकते). मध्येच कुठे लागली नाही तर तिथे धार झालीच नाही, पुढच्या नंबरवर जाऊ नका. मग दुसरी बाजू, शेवटी एकेक हलका हात आलटून पालटून.

टोमॅटो आणि गराडूची (इकडच्या कंदाची) सालं काढायला ४०० वरच थांबलेली, जरा करकरीत धार चांगली. फार चकचकीत केली की सालीवरून घसरते.

कानस
@विळीवाली, २५ × ७६२ बद्दल सहमत, एका अटीवर. त्या मशीनचा बेल्ट बहुधा मिनिटाला १००० मीटरच्या आसपास धावतो आणि वेग बदलत नाही. खटपट्या यांचा हातातला त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर चालतो. म्हणजे पटाश्यांना जुनंच मशीन बरं. आणि उभ्या मशीनला पंख्याचा डिमर जोडायच्या फंदात पडू नका. त्यात इंडक्शन मोटर असते, डिमरनं वेग नीट उतरत नाही, मोटर मात्र तापून जळते.

उभ्या मशीनचा बेल्ट वरून खाली येतो, म्हणून धार खाली. मागच्या पोलादी पट्टीवर घासलं तर उतार सपाट येतो. पट्टीच्या वर, ढिल्या भागात, किंचित फुगीर. सुऱ्याला फुगीर उतार टिकाऊ. पटाशी मात्र कायम पट्टीवर.

खटपट्या
आणि ८२ मिमीची पाती?

पाणीदार
आधी कोणती आहेत ते बघा. अरुंद, दोन्हीकडून धार असलेली कार्बाइडची असतील तर उलटून वापरा आणि मग बदला. साध्या तपकिरी बेल्टनं कार्बाइड कापलं जात नाही, त्याला डायमंडच लागतो. रुंद एचएसएस असतील तर धार लावता येते, पण दोन्ही पात्यांवरून सारखंच मटेरियल गेलं पाहिजे. वजनात फरक पडला की ड्रम (पाती बसवलेला फिरता भाग) थरथरतो आणि फळीवर लाटा उठतात. काट्यावर तोलून बघा. थिकनेसरची (फळी एकसारख्या जाडीची करणाऱ्या मशीनची) लांब पाती हातानं करू नका, काठ सरळ राहत नाही. सांवेर रोडच्या बाजूला टूल ग्राइंडिंगवाले शोधा, एका सेटिंगमध्ये सगळी पाती घासून घ्या.

बेल्टसाठी सियागंजात हार्डवेअरच्या दुकानांत विचारा. १२० आणि २४० सहज मिळतात, ४०० च्या पुढे ७६ × ५३३ मध्ये अवघड. पोलादासाठी निळे झिरकोनिया किंवा सिरॅमिक मागा. तपकिरी अॅल्युमिनियम ऑक्साईड चालतात, पण लवकर बोथट होतात. बारीक बेल्ट रोलमधून मापाप्रमाणे जोडून देणारा भेटला तर सपाट जोड, मागे टेप असलेलाच करून घ्या. पावसाळ्यात बेल्ट घडी घालून ठेवू नका. खिळ्यालाही टांगू नका, जाड पाइपवर टांगा. जोड सुटतो तो दमटपणानं आणि घडीनं.

खटपट्या
ठरलं: १२० आणि २४० चे झिरकोनिया, पाचर, काच, पॉलिश पेपर. उभं मशीन दिवाळीनंतर. शेवटचं विचारतो: घरात विळी आणि अडकित्ता आहे. तेही यावर?

विळीवाली
विळीचं पातं आत वळलेलं असतं, तिथे सपाट बेल्ट टेकतच नाही, शिवाय पाट आडवा येतो. पातं बोल्टवर असेल तर काढून पुढच्या रोलरच्या गोलाईवर हलके हात द्या. रिव्हेट केलेलं असेल तर गोल कुरंदाची कांडी घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. खवणीचे दात त्रिकोणी कानशीनं, एकेक, आतल्या बाजूनं.

अडकित्त्याला आणि कात्रीला एकाच बाजूनं उतार असतो. तेवढाच घासा. आतली सपाट बाजू बेल्टला लागली तर दोन पाती एकमेकांना चिकटून चालत नाहीत, सुपारी कातरली जाण्याऐवजी फुटते. बर निघण्यापुरता आतून एकच हात, तोही दगडावर सपाट.