गोल फिरतंय, उतरत नाही

(सोलापुरातल्या एका सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप.)

पाटील सर (३०१): सर्वांना नमस्कार. रविवारी रात्री माझ्या फोनला अपडेट आलं. तेव्हापासून एक व्हिडिओ धड उतरत नाही. नातीच्या गॅदरिंगचा नाच पुण्याहून सोमवारी आलाय, ६४ एमबीचा. आज बुधवार, अजून गोल फिरतंय. ती रोज फोन करून विचारते, आजोबा बघितलं का. काय सांगू? आणखी कुणाला होतंय का असं?

देशमुख अण्णा (४०१): अतिशय महत्त्वाचे!! नवीन अपडेट कोणीही घेऊ नये. घेतल्यास तुमचे सर्व फोटो परदेशात जातात व बँक खाते रिकामे होते. किमान १० ग्रुपवर पाठवा.

शेख भाई (००४): अण्णा, हेच तुम्ही दिवाळीतपण टाकलं होतं. माझं खातं अपडेट न घेताच रिकामं आहे.

येमूल काकू (३०२): आमच्याकडंपण रविवारपासूनच हळू झालंय बघा. चिंटूचे क्लासचे लेक्चर उतरेनात. आणि आम्ही तर कसलं अपडेटच घेतलं नाही.

मेघना (२०३): सर, वायफाय बंद करा आणि तोच व्हिडिओ मोबाईल डेटावर उतरवून बघा. डेटावर उतरला तर फोन ठीक आहे, घोळ घरच्या लायनीत. डेटावरही अडला तर घोळ फोनमध्ये.

चेअरमन साहेब: सर, राऊटर बंद करून चालू केलात का?

पाटील सर: चार वेळा केला. चौथ्यांदा बोर्डाचं बटणच हातात आलं. त्या बोर्डाबद्दल मी ऑगस्टमध्ये लेखी दिलंय, आपल्याला आठवत असेलच.

चेअरमन साहेब: घरातला बोर्ड सोसायटीकडे येत नाही सर. मीटिंगमध्ये बोललोय आपण यावर.

पाटील सर: बोर्ड माझा, मान्य. बोर्डात शिरलेली ओल कुणाची?

देशमुख अण्णा: ओल आमच्या बाथरूममधली नाही. प्लंबर बघून गेलाय. हे मी शेवटचं सांगतोय.

शेख भाई: शेवटचं म्हणजे या वर्षातलं ना अण्णा? जानेवारीच आहे अजून.

बिराजदार (खजिनदार): डिसेंबरअखेर मेन्टेनन्स बाकी असलेल्या सभासदांनी कृपया ३१ तारखेच्या आत भरावे ही नम्र विनंती. नावे बोर्डवर लावली आहेत. 🙏

मेघना: सर, मोबाईल डेटावर बघितलं का?

पाटील सर: बघतो. आधी ऐका. आज दुपारी केबलवाल्याचा पोरगा येऊन गेला. नेमका मी सिद्धेश्वराला गेलो होतो. हिच्यासमोर त्यानं आपल्या फोनवर नेटचा स्पीड तपासला, ४० दाखवला, आणि ‘सगळं ओके आहे, काकांना सांगा फोन बदला’ म्हणून निघून गेला. मी घरी येऊन चप्पल काढतोय तोवर परत तेच. मला तोंडावर ‘काय बे’ म्हणाला नाही एवढंच. मी मंगळवारी फोन केला होता, तेव्हा म्हणाले अपडेटचा दोष आहे, आमचा नाही. फोनच्या दुकानात गेलो तर ते म्हणतात नेटचा दोष. दोघंही खुर्चीतून उठायला तयार नाहीत.

देशमुख अण्णा: ४० चा प्लॅन ना? मग सेकंदाला ४० एमबी उतरायला पाहिजे. ६४ चा व्हिडिओ दोन सेकंदांत. सरळ सरळ लूट आहे ही.

मेघना: अण्णा, ते ४० मेगाबिट असतात. ८ बिटांचा १ बाइट. म्हणजे सेकंदाला ५ एमबी. ६४ एमबीला साधारण १३ सेकंद लागायला हवेत. तीन दिवस नाही.

देशमुख अण्णा: मग लूटच झाली की. लिटरमध्ये भाव सांगायचा आणि पावशेरात मोजून द्यायचं.

शेख भाई: यात मात्र अण्णांशी मी सहमत.

चेअरमन साहेब: सर, फोनची मेमरी भरली असेल.

पाटील सर: ५१ जीबी मोकळी आहे. डेटा सेव्हर बंद आहे. बॅटरी सेव्हर बंद आहे. व्हॉट्सॲप काढून परत टाकायला सांगू नका, गेल्या वेळी त्यात बारा वर्षांचे निरोप गेले.

बिराजदार: २०३ ची स्कूटर परत जिन्याखाली लागली आहे. भाडेकरूंनी सोसायटीचे नियम पाळावेत.

मेघना: बिराजदार काका, ती स्कूटर २०४ ची आहे. या महिन्यात तिसऱ्यांदा सांगतेय. आमच्याकडे स्कूटरच नाही. सर, मोबाईल डेटा.

बिराजदार: नियम सर्वांना सारखेच आहेत.

चेअरमन साहेब: पाणी आलं. मोटर चालू केली आहे. सर्वांनी भरून घ्यावे.

येमूल काकू: पाचव्या दिवशी आलंय तेपण पिचकारीसारखं. वर चढतंय का बघा कुणीतरी.

देशमुख अण्णा: चौथ्या मजल्याला थेंब नाही. खालच्यांनी नळ जरा बारीक ठेवावेत.

शेख भाई: उजनीहून पाणी चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत सरांचा व्हिडिओ उतरलेला असेल, बघा तुम्ही.

देशमुख अण्णा: तुमचं बरंय, तळमजला.

(तासभर कुणाचाच मेसेज नाही.)

मेघना: सर, भरून झालं असेल तर वायफाय बंद करून एकदा डेटावर बघता का? एकच मिनिट लागेल.

पाटील सर: बघितलं. उतरला.

पाटील सर: पंधरा सेकंदांत उतरला. नात मधल्या रांगेत आहे. डाव्या पायातलं घुंगरू मध्येच सुटलं तरी पोरगी थांबली नाही. दोनदा बघितला.

येमूल काकू: अगंबाई! ग्रुपवर टाका की गुरुजी.

शेख भाई: टाका टाका. फक्त वायफायवरून टाकू नका.

मेघना: छान. म्हणजे फोन आणि अपडेट दोन्ही ठीक, घोळ लायनीत. आता वायफाय चालू करून स्पीड टेस्ट लावा आणि दोन्ही आकडे सांगा, डाउनलोड आणि अपलोड. लोक पहिलाच बघतात.

पाटील सर: डाउनलोड ३.१. अपलोड ०.२.

मेघना: आता दुपारचं आठवा. तुम्ही बाहेर होता तेव्हा ४०. तुम्ही आलात की ३. दुपारी घरात काय नव्हतं?

शेख भाई: सर नव्हते.

चेअरमन साहेब: शेख भाई, चेष्टा पुरे. मोठे आहेत ते.

मेघना: नाही नाही, शेख भाईंचं बरोबर आहे. सर नव्हते म्हणजे सरांचा फोन नव्हता. सर, अपडेट झाल्यावर कसलं पान आलं होतं का? फोटो सुरक्षित ठेवा वगैरे?

पाटील सर: आलं होतं. ‘मूळ दर्जात सुरक्षित ठेवा’ असं काहीतरी. मी चालू दाबलं. सुरक्षित म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

मेघना: फोटोचं ॲप उघडा. वर कोपऱ्यात गोल आहे, त्यावर दाबा. किती राहिलंय?

पाटील सर: बॅकअप सुरू आहे, ३१ जीबी शिल्लक.

शेख भाई: ३१!! गूगलवर फुकट जागा तर १५ जीबीच मिळते. सर, काय लोकसभेचं रेकॉर्डिंग ठेवलंय का?

पाटील सर: जागा लेकीनं १०० जीबीची विकत घेऊन दिलीय. आणि आहे ते गड्ड्याचं, आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेचं आहे. तैलाभिषेकाच्या मिरवणुकीपासून. सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम, शोभेचं दारूकाम, सगळं घेतलं या वर्षी. गेल्या वर्षी गुडघ्यामुळं जाता आलं नव्हतं. कॅमेरा लेकीनं ४के वर लावून दिला होता, मी काही हात लावला नाही.

मेघना: ४के म्हणजे अगदी सुस्पष्ट चित्र, त्यात एका मिनिटाचे तीन-साडेतीनशे एमबी होतात सर. आणि तुमच्या लायनीवर खाली उतरायला ४० असलं तरी वर चढवायला किती आहे, बिलावर बघा.

पाटील सर: ४.

मेघना: झालं तर मग. ४ मेगाबिटनं ३१ जीबी म्हणजे न थांबता सतरा तास. आणि रात्री तुम्ही राऊटर बंद करून झोपता.

पाटील सर: तुला कसं कळलं?

मेघना: सर, मागच्या वर्षी तुम्हीच ग्रुपवर ‘वीज वाचवा’ टाकलं होतं.

चेअरमन साहेब: पण मेघना, फोटो वर चाललेत. व्हिडिओ खाली येतोय. रस्ते वेगळे ना?

मेघना: वेगळे, पण एकमेकांवर अवलंबून. व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी येतो. तुकडे मिळाल्याची पोच आपला फोन उलट पाठवत असतो. पोच मिळेल तसा समोरचा, म्हणजे पाठवणारा कॉम्प्युटर, पुढचे तुकडे सोडतो. सरांची वर जाणारी वाट नंदीध्वजांनी भरलेली. पोच त्या गर्दीत अडकते, समोरच्याला वाटतं ही लाइन कमजोर आहे, तो हात आखडता घेतो. राऊटर चारदा काय चाळीसदा बंद केला तरी चालू झाल्यावर बॅकअप परत सुरूच होणार. बॅकअप सहसा फक्त वायफायवर चालतो, म्हणून डेटावर काही अडलं नाही.

शेख भाई: म्हणजे अण्णांचा फॉरवर्ड अर्धा खरा निघाला. फोटो चाललेच होते.

देशमुख अण्णा: मी उगाच पाठवत नसतो.

मेघना: सर, तिथंच बॅकअप थांबवा आणि परत टेस्ट लावा.

पाटील सर: थांबवला.

पाटील सर: ३८.

चेअरमन साहेब: वा! सोसायटीतर्फे मेघनाचे अभिनंदन. 👏

येमूल काकू: अय्या, आमचंपण आत्ताच एकदम सुरळीत झालं! चिंटूचं लेक्चर सर्रकन उतरलं!

शेख भाई: काकू...

शेख भाई: तुमचं कसं काय सुरळीत झालं?

(मेघना यांनी हा मेसेज डिलीट केला.)

पाटील सर: येमूल वहिनी, तुमच्या वायफायचं नाव काय?

येमूल काकू: चिंटूला माहीत. थांबा, विचारते.

(वीस मिनिटांनी.)

येमूल काकू: गुरुजी, रागावू नका. २०२० साली लॉकडाऊनमध्ये तुम्हीच पासवर्ड दिला होता चिंटूला, ऑनलाइन शाळेसाठी. तेव्हा पाचवीत होता. मला वाटलं त्यानं नंतर काढलं असेल, त्याला वाटलं तुम्हाला माहीतच आहे.

पाटील सर: दिला होता, बरोबर आहे. मला वाटलं शाळा उघडली.

देशमुख अण्णा: या सोसायटीत हेच चालतं. एकानं भरायचं, दुसऱ्यानं वापरायचं. मीटिंगच्या अजेंड्यावर हा विषय घ्या.

पाटील सर: अण्णा, अजेंड्यावर आधी ओल घ्या.

बिराजदार: डिसेंबरअखेर मेन्टेनन्स बाकी असलेल्या सभासदांनी कृपया ३१ तारखेच्या आत भरावे ही नम्र विनंती. नावे बोर्डवर लावली आहेत. 🙏

शेख भाई: बिराजदार साहेब, पहिलं नाव तर २०४ चं आहे. स्कूटरवालेच का?

बिराजदार: वैयक्तिक बाबी ग्रुपवर नको.

मेघना: 🙏

पाटील सर: वहिनी, चिंटूची दहावी होईपर्यंत राहू दे पासवर्ड. पोराचं वर्ष आहे. मात्र फक्त लेक्चर. मी आता बॅकअप रात्री लावणार आणि राऊटर चालू ठेवून झोपणार. दोन रात्रींत जाईल ना गं मेघना?

मेघना: जाईल सर. फोन चार्जिंगला लावून ठेवा, काही फोनमध्ये चार्जिंगवरच चालतो. आणि पुढच्या गड्ड्याला ४के वरून खाली आणा.

पाटील सर: नंदीध्वज खाली आणायचा नसतो. बघू.

येमूल काकू: गुरुजी, शेंगा चटणी केलीय आजच, डबा देते.

शेख भाई: भाकरी आहेत का कुणाकडं कडक? तळमजल्यावर आणून दिल्या तरी चालतील.

येमूल काकू: आजोबा, चिंटू बोलतोय आईच्या फोनवरून. बॅकअप रात्री किती वाजता लावणार? त्याच्या आधी सगळं उतरवून घेतो.

पाटील सर: साडेदहाला. सगळं म्हणजे काय काय?