कॅथलिक नसलेल्या ख्रिस्ती मंडळ्यांनाही पोप तेविसावे जॉन आपले का वाटतात?

प्रश्न : टिळकवाडीकर, बेळगाव

आमचे घराणे मेथडिस्ट आहे. लंडन मिशनने १८२० साली बेळगावात सुरू केलेले आणि पुढे मेथडिस्टांकडे आलेले जे काम आहे, त्याच मंडळीत आमच्या पिढ्या वाढल्या. जानेवारीतील ख्रिस्ती ऐक्य प्रार्थना सप्ताहात कॅम्पातील कॅथलिक बांधवांबरोबर आमची संयुक्त प्रार्थना झाली, तेव्हा आमच्या पाळकसाहेबांनी पोप तेविसावे जॉन यांचे नाव इतक्या आपुलकीने घेतले की मला नवल वाटले. पोपचा अधिकार आम्ही मानत नाही, आणि माझ्या आजीच्या पिढीत तर दोन्हीकडची माणसे एकमेकांच्या चर्चची पायरी चढत नसत. १९५८ ते १९६३ एवढ्या अल्प कारकिर्दीत, कॅथलिकांचा एकही सिद्धान्त न बदलता, या गृहस्थांनी असे काय केले की ज्यांच्याशी त्यांचे मतभेद कायम राहिले त्यांनीही त्यांना आपले मानावे? त्यांचा स्वभाव गोड होता, एवढ्या उत्तराने माझे समाधान होत नाही.

उत्तर : खानापूरचा वाचक

आमच्या घरी कोकणी बोलली जाते, शिक्षण मराठीत झाले आणि चर्च कॅथलिक आहे; तेव्हा हे उत्तर थोडे घरच्या माणसाचे आहे, असे समजून वाचावे.

त्यांचे मूळ नाव आंजेलो रोंकाल्ली. १८८१ साली उत्तर इटलीतील बेर्गामोजवळच्या सोत्तो इल मोंते या खेड्यात, दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मला त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा काळ पोपपदाचा वाटत नाही, त्याआधीचा वाटतो. १९२५ पासून सुमारे दहा वर्षे ते बल्गेरियात आणि नंतर १९४४ पर्यंत तुर्कस्तान व ग्रीस येथे पोपचे प्रतिनिधी होते. या सर्व ठिकाणी कॅथलिक मूठभर होते आणि आजूबाजूला ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती किंवा मुसलमान यांची वस्ती होती. १९२८ साली बल्गेरियात मोठा भूकंप झाला, तेव्हा त्यांनी उभी केलेली मदत पंथ न विचारता वाटली गेली. महायुद्धाच्या काळात इस्तंबूलमध्ये असताना त्यांनी अनेक यहुदी निर्वासितांना सुटकेसाठी साहाय्य केले. अल्पसंख्य म्हणून वीस वर्षे काढलेला माणूस वयाच्या शहात्तराव्या वर्षी रोमच्या गादीवर बसला, तेव्हा इतर पंथीय त्याच्या दृष्टीने पुस्तकातील पाखंडी नव्हते. ते त्याचे जुने शेजारी होते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येतो. २५ जानेवारी १९५९ रोजी, म्हणजे तुम्ही उल्लेख केलेल्या त्याच ऐक्य सप्ताहाच्या अखेरच्या दिवशी, त्यांनी विश्वपरिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा, भरवण्याची घोषणा केली. जून १९६० मध्ये त्यांनी ख्रिस्ती ऐक्यासाठी स्वतंत्र सचिवालय स्थापले आणि ते जर्मन कार्डिनल ऑगस्टिन बेआ यांच्याकडे सोपवले. ११ ऑक्टोबर १९६२ रोजी ही परिषद, म्हणजेच दुसरी व्हॅटिकन परिषद, सुरू झाली, तेव्हा अँग्लिकन, लुथरन, मेथडिस्ट आणि इतर मंडळ्यांचे निरीक्षक सभागृहात होते. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चनेही दोघांना पाठवले होते. त्यांना कुठेतरी मागे प्रेक्षक म्हणून बसवले नाही. त्यांची आसने पुढच्या बाजूला, कार्डिनलांच्या जवळ होती, बिशपांना मिळणारे मसुदे त्यांनाही मिळत आणि दर आठवड्याला सचिवालय त्यांची मते जाणून घेई. मताचा अधिकार त्यांना नव्हता, हे खरे. परंतु आपल्याविषयी जे लिहिले जात आहे ते लिहिले जात असतानाच वाचायला मिळणे आणि त्यावर बोलता येणे, ही चारशे वर्षांत न घडलेली गोष्ट होती.

उत्तर : निपाणीकर

मी इतिहास शिकवतो आणि ख्रिस्ती नाही. वरील उत्तर योग्य आहे, मात्र त्यातून सारे रोममध्येच सुरू झाले असा समज होऊ नये. ऐक्याची चळवळ प्रॉटेस्टंटांनी १९१० च्या एडिंबरो परिषदेपासून चालवली होती. १९४७ साली मद्रास येथे चर्च ऑफ साऊथ इंडिया स्थापन होऊन अँग्लिकन, मेथडिस्ट आणि इतर मंडळ्या एकत्रही आल्या होत्या. (टिळकवाडीकरांची अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट मंडळी त्यात गेली नाही, ही वेगळी कथा.) १९४८ साली ॲमस्टरडॅम येथे जागतिक चर्च परिषद उभी राहिली. या सर्वांपासून रोम अलिप्त होते, कारण १९२८ साली पोप अकरावे पायस यांनी कॅथलिकांना अशा मेळाव्यांत भाग घेण्यास लेखी मनाई केली होती. ही पार्श्वभूमी ठाऊक असेल तरच तेविसाव्या जॉन यांचे महत्त्व नीट कळते. इतरांनी अर्धा रस्ता आधीच चालून संपवला होता आणि दार आतूनच बंद होते.

दुसरे असे की, त्यांच्या नावावर नंतरचेही पुष्कळ जमा केले जाते. लोकभाषेतील उपासनेला वाट करून देणारा दस्तऐवज डिसेंबर १९६३ मधील आहे आणि ऐक्यविषयक आदेश नोव्हेंबर १९६४ मधील. हे दोन्ही दस्तऐवज त्यांच्यानंतरचे पोप सहावे पॉल यांच्या काळातील. १०५४ सालचे परस्पर बहिष्कार रोम आणि ऑर्थोडॉक्सांचे केंद्र कॉन्स्टँटिनोपल यांनी मागे घेतले तेही १९६५ मध्ये. उलट तेविसाव्या जॉन यांनी स्वतः फेब्रुवारी १९६२ मध्ये लॅटिनच्या अध्ययनाचा जोरदार पुरस्कार करणाऱ्या दस्तऐवजावर सही केली होती. ते ‘पुरोगामी’ होते असे म्हणून चालणार नाही; त्यांची भक्ती जुन्या वळणाची होती, आणि माझ्या मते म्हणूनच रोममधील जुन्या लोकांना त्यांना सरळ अडवता आले नाही.

टिळकवाडीकर

दोघांचेही आभार. निपाणीकरांचा मुद्दा मान्य केला, तरी सहाव्या पॉल यांनी अधिक करूनही आमच्या पाळकसाहेबांच्या तोंडी नाव तेविसाव्या जॉन यांचेच का येते?

उत्तर : कॅम्पातील वाचक

माझे शिक्षण अँग्लिकन परंपरेत झाले, म्हणून तिकडचे एक उदाहरण देते. २ डिसेंबर १९६० रोजी कँटरबरीचे आर्चबिशप जेफ्री फिशर व्हॅटिकनमध्ये पोपना भेटले. इंग्लंडचे चर्च रोमपासून वेगळे झाल्यानंतरची ही पहिलीच अशी भेट होती. व्हॅटिकनच्या अधिकाऱ्यांनी तिचा गाजावाजा होऊ दिला नाही आणि तीत कोणताही करार झाला नाही. तरीही पुढची प्रत्येक भेट तिच्यामुळे सोपी झाली. सहाव्या पॉल यांनी जे केले ते कराराच्या आणि आदेशाच्या रूपात आहे, आणि करार त्यांतील कलमांसह वाचावा लागतो. तेविसाव्या जॉन यांनी भेटीच्या बदल्यात काहीच मागितले नव्हते. एप्रिल १९६३ मधील शांतताविषयक पत्रसुद्धा त्यांनी केवळ कॅथलिकांना उद्देशून न लिहिता सद्भावना असणाऱ्या सर्व माणसांना उद्देशून लिहिले, आणि तेव्हा ते कर्करोगाने अखेरच्या अवस्थेत होते. ३ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले, त्यामुळे परिषदेतील पुढच्या वादांत आणि तडजोडींत त्यांना पडावे लागले नाही, हेही एक कारण आहेच.

त्यांचा स्मरणदिन शोधत असाल, तर अमेरिकेतील इव्हँजेलिकल लुथरन चर्चच्या दिनदर्शिकेत तो ३ जूनला येतो. कॅथलिकांनी २०१४ साली त्यांना संत घोषित केले आहे. त्यांच्याकडे मात्र मृत्युदिनाऐवजी परिषद सुरू झाली तो ११ ऑक्टोबर हा दिवस पाळला जातो.