मेग्रेचं पुढे काय वाचू? मदत हवी आहे

मंडळी, जॉर्ज सिमेनॉनच्या रहस्यकथांमधल्या पॅरिसच्या पोलीस इन्स्पेक्टर मेग्रेचा नाद लागलाय, पण कादंबऱ्याच 75 आहेत, कथा वेगळ्याच, 1931 पासून 1972 पर्यंत, तर क्रमाने वाचायच्या की कुठूनही उचललं तरी चालतं? मला आवडतं ते म्हणजे हा माणूस भिंग घेऊन पुरावे शोधत बसत नाही, पाइप ओढत कुठल्यातरी बारमध्ये बसतो, त्या घरातली, गल्लीतली माणसं कशी जगतात ते नुसतं बघत राहतो आणि गुन्हेगार सापडला की बऱ्याचदा त्याचीच दया येते. शिवाय रात्रभर चौकशी चालू असताना ब्रासरी दोफिनमधून बियर आणि सँडविच मागवणं, हे तर भारीच! (मादाम मेग्रे बिचारी घरी जेवण गरम करत बसलेली.) पॅरिसमधल्या बऱ्याच झाल्या, आता पॅरिसबाहेरच्या हव्यात, काँकार्नो बंदरातली पिवळ्या कुत्र्याची वाचलीये, तसलंच, पाऊस, बंदर, छोटं गाव, सगळे एकमेकांवर संशय घेतायत असं काही सुचवा ना. मराठीत अनुवाद कोणी वाचलाय का, आईला द्यायचाय. आणि 2016 ची रोवन अ‍ॅटकिन्सनवाली सिरीज बघावी का? मला सारखा मिस्टर बीनच दिसेल अशी भीती वाटतेय.