गिरणी कामगाराचा इतिहास केंब्रिजमधे बसून लिहिला, तर तो आपला का नाही? (राजनारायण चंदावरकर)

साचेवाल्याचा_नातू:
माझे आजोबा लालबागला गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. घरात लहानपणापासून एकच ऐकत आलोय, की कामगार कोकणातनं, घाटावरनं आलेला, अर्धा जीव शेतीत, म्हणून त्याला युनियन कधी नीट कळलीच नाही आणि तो जॉबरच्या, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाच्या मुठीत राहिला. कॉलेजातही थोड्याफार फरकाने हेच शिकवलं. मग इतिहासकार राजनारायण चंदावरकर वाचले आणि सगळं उलटं झालं.

हा माणूस १९५३ चा, जन्म मुंबईचा, शिक्षण इंग्लंडात, पुढे ट्रिनिटी कॉलेजचा फेलो, आणि अख्खी कारकीर्द गिरणगावावर. १९९४ च्या पुस्तकात ते म्हणतात की बाजार बघून उत्पादन कमीजास्त करणं ही मालकांची गरज होती, त्यासाठी त्यांना बदलीवाले हवेच होते, कायम नोकरी नसलेले, काम मिळेल म्हणून रोज सकाळी गेटवर उभे राहणारे. अशा बेभरवशाच्या कामात गाव सोडणं हाच वेडेपणा ठरला असता. संप लांबला की बायकापोरं गावी पाठवायची आणि इथे खानावळवालीच्या आणि वाण्याच्या उधारीवर तग धरायचा, म्हणजे ज्याला आपण मागासपणा म्हणत होतो त्याच्याच जोरावर ही माणसं लढत होती! १९१९ ते १९४० मधे ८ सार्वत्रिक संप झाले, १९२८ चा तर सहा महिने चालला. अडाणी माणसांचं काम आहे का हे?

आणि जॉबर? त्यालाही चाळीत, तालमीत, उधारीत लोकांची मर्जी राखावी लागायची, नाहीतर त्याचीच माणसं त्याला सोडून जायची.

माझं म्हणणं एवढंच, की हे मराठीत यायला पाहिजे, आणि ‘परदेशी बसून लिहिलं’ म्हणून नाक मुरडणं बंद व्हायला पाहिजे.

बीडीडी_चाळ:
नातू, पुस्तक मी पण वाचलंय, आदर आहे. पण त्यात जात फार हलकी होते. माझे पणजोबा त्याच काळात गिरणीत होते, पण साचेखात्यात त्यांना पाऊल टाकता येत नव्हतं. का, तर कांडी (सुताची गुंडाळी) बदलली की धोट्यातून, म्हणजे साच्यावर आडवं सूत नेणाऱ्या नळीतून, सूत तोंडाने ओढायला लागायचं, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा बाकीच्यांना चालत नव्हता. पगार बरा त्याच खात्यात. ही बंदी मालकाने नाही घातली, शेजारी उभ्या असलेल्या कामगाराने घातली. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न लावून धरला आणि १९२९ च्या संपाला विरोध केला, त्यामागे हा अनुभव होता. आता ‘कामगारांतली फूट बाजाराने आणि मालकांच्या धोरणाने पाडली’ असं म्हटलं की हा शेजारचा माणूस सुटतो ना.

साचेवाल्याचा_नातू:
सुटतो असं नाही वाटत मला. साचेवाले आपला बरा पगार राखत होते, त्यासाठी जात वापरली, असा चंदावरकरांचा मुद्दा आहे.

बीडीडी_चाळ:
मग कालच गावाहून आलेल्या नवख्या मराठ्याला साच्यावर घ्यायला का हरकत नव्हती? पगार तर त्यानेही वाटून घेतला असता.

पोयबावडी:
माझा आक्षेप वेगळाय. त्यांच्या इतिहासाचा बराचसा पाया म्हणजे सरकारी दफ्तर, पोलिसांचे रिपोर्ट, मालक संघाचे अहवाल, चौकशी समित्यांपुढच्या साक्षी. म्हणजे कामगार दिसतो तो त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्याच्या डोळ्यांनी. माझी आजी विंडिंगला (सूत गुंडाळायच्या खात्यात) होती, तिच्यासारख्या बायका, नाईकिणी (बायकांवरच्या मुकादम बायका), पार्वतीबाई भोरांसारख्या लढणाऱ्या, ह्यांचं बोलणं त्या कागदात कितीसं येणार? शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ, ती लाल बावट्याची कलापथकं, हाही गिरणगावचा दस्तऐवजच आहे, पण तो ऐकायला मराठी कान लागतो.

मोरलंड_रोड:
@पोयबावडी अर्धं मान्य. पण पोलिसांचा कागदही उलटा धरून वाचता येतो, चंदावरकरांनी तेच केलं. मीरत खटल्यात (१९२९ ला कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवर भरलेला कटाचा खटला) आरोपींनी दिलेली निवेदनं आहेत, त्यात अर्जुन आळवेंसारखा खुद्द गिरणीत काम केलेला माणूस आहे. शिवाय मीना मेनन आणि नीरा आडारकरांनी गिरणगावच्या शंभरेक लोकांना बोलतं करून जे पुस्तक केलं त्याला प्रदीर्घ प्रस्तावना चंदावरकरांचीच आहे, २००४ ची. म्हणजे हा माणूस त्या आवाजांकडे येतच होता. २००६ मधे अचानक गेले, पन्नाशी जेमतेम ओलांडलेली, तिसरं पुस्तक २००९ ला मित्र-सहकाऱ्यांनी काढलं. पुढची वीस वर्षं मिळाली असती तर काय लिहिलं असतं, ह्याची हळहळ मला खरंच वाटते.

आणि क्रांतीबद्दल कोणीच बोललं नाही. १९२८ अखेर गिरणी कामगार युनियनचे ५०,००० च्या वर सभासद, तरी पुढे काय झालं? आपण म्हणतो युनियनचे पुढारी डांगे चुकले, कम्युनिस्ट चुकले, जातीने मोडलं. चंदावरकर म्हणतात सरकारकडे बघा. मार्च १९२९ ला मीरतसाठी पुढारी उचलले, १९३४ ला कम्युनिस्ट पक्षावर बंदी, मग कायद्यावर कायदे. १९४६ च्या कायद्याने एका उद्योगात एकच मान्यताप्राप्त युनियन ठरली, आणि कामगार कुणाच्याही मागे असला तरी बोलणी त्याच युनियनशी. माझे वडील १९८२ च्या संपात होते, अडीच लाख माणूस डॉक्टर सामंतांच्या मागे, आणि सरकार बोलायला तयार नाही, कारण कायद्याने युनियन दुसरीच! वडिलांनी शेवटपर्यंत स्वतःला दोष दिला, की आम्हीच हट्ट केला. हे वाचलं असतं तर त्यांचा थोडा भार हलका झाला असता. म्हणून मला हे पुस्तक मराठीत हवंय.

बीडीडी_चाळ:
वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. अनुवादाला माझा विरोध नाहीच. पण नुसता अनुवाद नको, त्याच्यासोबत त्या काळातलं, बाबासाहेबांच्या ‘बहिष्कृत भारत’ पाक्षिकातलं संपावरचं लिखाण छापा, शेजारी शेजारी. वाचणाऱ्याला दोन्ही कळू दे.

साचेवाल्याचा_नातू:
हे पटलं. तुझ्या नवख्या मराठ्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाहीये, परत ते प्रकरण काढून वाचतो. तोवर ‘बहिष्कृत भारत’ मधले ते लेख कुठल्या अंकात आहेत तेवढं टाकशील का इथे?